तोंडाने सांगेपर्यंत

अर्धांगवायूच्या पहिल्या झटक्यात मास्तरणीची उजवी बाजू गेली आणि जीभ तेवढी राहिली. उलटं झालं असतं तर बरं होतं, असं गल्लीतल्या बाया आपसात म्हणाल्या. तिच्या तोंडावर अर्थातच कुणी म्हटलं नाही.

तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंगची प्रमुख होती. थरावर थर अंथरलेल्या कापडातून तिची लांब कात्री सरळ निघायची. हाताखालच्या पोरींना ती रागवायची नाही, त्यांनी कापलेला तुकडा दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसेल असा उंच करायची. मास्तरीण हे नाव तिथलं. ते तिच्या मागोमाग घरी आलं आणि चिकटलं. नवरा एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायचा, म्हणून तो लिफ्टमन. गल्ली त्याला लिफ्टमन म्हणायची आणि घरात तीही तेच म्हणायची. "अहो लिफ्टमन, चहा ठेवा." त्यात लाड नव्हता.

पाहुणे आले की ती एक गोष्ट हमखास सांगायची. "एकदा एक गृहस्थ यांच्या लिफ्टमध्ये शिरले आणि काही बोललेच नाहीत. यांनी दार लावलं आणि उभे. ते उभे, हे उभे. बाहेर लोक दार बडवतायत. मॅनेजर धावत आला, काय झालं म्हणून. तर आतून हे म्हणतात, साहेबांनी अजून मजला सांगितला नाही." पाहुणे हसायचे. लिफ्टमनही हसायचा, सगळ्यांचं संपत आल्यावर.

अंथरुणाला खिळल्यावर तिने पलंग मागच्या खोलीत खिडकीला लावून घेतला. खिडकीबाहेर अरुंद बोळ आणि बोळापलीकडे खुराडं: चार खांब, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी. नोकरी सुटल्यावर तिने कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांना कारखान्यातली नावं दिली होती. बॉबिन, चिंधी, अस्तर. एकीच्या उघड्या मानेभोवती पिसांचं कडं होतं, ती कॉलर. पलंगावरून तिला सगळं दिसायचं, कोण लंगडतंय, कोण खुडूक बसलंय, कोण कुणाची पिसं उपटतंय. दिवसभर तिच्या सूचना खिडकीतून बाहेर जायच्या.

"बॉबिनच्या पायाला काय झालंय बघा. तो नाही, डावा. तुमचा नाही, तिचा."

तो वाकून बघायचा. तिचा उजवा हात उचलत नाही, पाय हलत नाही, आरसा नको म्हणून तिनेच सांगितलेलं. त्या खिडकीखेरीज तिच्याकडे आता आपलं असं काही नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. ती ते कुणाला सांगत नसे.

पहिल्या उन्हाळ्यात पत्रा असा तापला की कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून उभ्या राहायच्या. त्यांचे गळे लकलक हलायचे. पत्र्यावर पोती टाकून झाली, पाणी मारून झालं. शेवटी तिने वेल लावायला सांगितलं, मधुमालतीच. भाज्यांचे वेल एका हंगामात मरतात, ही मरत नाही.

"जाळीच्या आत लावू नका, उकरून खातील. बाहेर लावा. बुंध्याभोवती विटा रचा. आणि सुतळ्या इकडे, या गजांना बांधा. इथून पत्र्यापर्यंत तिरक्या. मग बोळावरही सावली पडेल. दुपारचं ऊन बोळातूनच शिरतं."

लिफ्टमन सुतळीचा गुंडा हातात घेऊन उभा राहिला. बराच वेळ त्याने खिडकीकडे बघितलं.

"गजांना बांधली तर तुझी खिडकी झाकेल," तो म्हणाला. "मागच्या भिंतीवरून चढवली तर..."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"नाही."

"मग? खिडकीशी असली तर कुठला शेंडा कुठे न्यायचा ते मला दिसेल, मी सांगेन. तिकडे भिंतीवर तुमच्या अकलेवर सोडू का?"

त्याने सुतळ्या गजांना बांधल्या. गाठ कशी मारायची तेही तिने शिकवलं. आधी सुतळीला पक्की, मग शेंड्याभोवती बोट जाईल एवढी सैल, म्हणजे वेल जाड झाला तरी त्याला फास बसत नाही. दोनतीनदा चुकली. ती डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टकटक करत राहिली. मग जमली, आणि एकदा जमली ती जमलीच. लिफ्टमनचं तसंच होतं.

वेल चांगला लागला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पत्रा हिरवा झाला, बोळावर मांडव झाला, आणि खिडकीची खालची बाजू पानांनी भरली. खोलीत वारा येईना. ती घामाने भिजून निजायची आणि उठल्यावर चिडचिड करायची, पण वेलाबद्दल चकार शब्द काढायची नाही. वेल तिचा होता ना.

एका दुपारी ती झोपली असताना लिफ्टमनने आपण होऊन तिची मोठी कात्री घेतली आणि खिडकी ते पत्रा एवढा सगळा मांडव उतरवला. जाग आल्यावर हिला वारा लागेल, कोंबड्या नीट दिसतील, असं त्याला वाटलं असावं. फांद्या गोळा केल्या, बोळ झाडला, आणि तो तिची औषधं आणायला गेला.

तिला जाग आली ती उजेडाने. खिडकी लख्ख मोकळी होती आणि उतरतं ऊन बोळातून थेट खुराड्यात घुसलं होतं. कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या होत्या. पाण्याचं भांडं कुणाच्या तरी पायाने लवंडलं होतं. तिने हाका मारल्या. घरात कुणी नव्हतं आणि त्या वेळेला गल्ली दारं लावून झोपलेली असे. बॉबिन आधी बसली, मग कलंडली. मग अस्तर. मग चिंधी. उठता न येणाऱ्या बाईने ते मोकळ्या खिडकीतून शेवटपर्यंत बघितलं.

लिफ्टमन परतला तेव्हा तिचा आवाज बसला होता. पण तिला जे करायचं होतं त्याला मोठा आवाज लागत नव्हता.

"तिन्ही आणा. इथे कट्ट्यावर ठेवा. अशा नाही, ओळीने."

त्याने ओळीने ठेवल्या.

"आता टोपलीत घाला आणि गल्लीत दारोदार जा. काय सांगायचं? म्हणून दाखवा."

"काय सांगू?"

"माझ्या अकलेने मेल्या, असं सांगा. प्रत्येक दारात. टोपलीवर काही झाकू नका."

तो गेला. लोक झोपेतून उठून दारात आले. काहींना वाटलं तो कोंबड्या विकायला आलाय. तो तेवढं एक वाक्य म्हणायचा आणि पुढच्या दारी जायचा. पोरं मागे लागली आणि तेच वाक्य त्याच्या आवाजात म्हणू लागली. शेवटच्या घरची शेजारीण त्याच्याबरोबर परत आली आणि मास्तरणीला म्हणाली, "पुरे आता, मास्तरीणबाई. चुकलं माणसाचं."

तोवर मुलगीही पोचली होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्यात नर्स होती. आईने परतलेल्या लिफ्टमनकडून फोन लावून घेऊन तिला ड्यूटी सोडून यायला लावलं होतं, काय झालंय ते न सांगता. मुलगी कोणीतरी गेलं असं समजून आली होती, आणि टोपली बघून भिंतीला टेकून उभी राहिली.

"सगळे आहात ते बरं झालं," मास्तरीण म्हणाली. "अहो लिफ्टमन, या दोघींसमोर ऐका. मी तोंडाने सांगेपर्यंत त्या वेलाचं एकही पान तोडायचं नाही. हात केला, मान हलवली, तुम्हाला आपलं वाटलं, असलं काही चालणार नाही. तोंडाने. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"तू तोंडाने सांगेपर्यंत एकही पान तोडायचं नाही."

"बघा, पाठ झालं," ती शेजारणीला म्हणाली. "मजला सांगावा लागतो."

शेजारणीला हसू आलं. तिने ते पदरात दाबलं. लिफ्टमन या वेळी हसला नाही.

हिवाळ्यात दुसरा झटका आला आणि या वेळी जीभ गेली.

दवाखान्यातून परत आणलं तेव्हा वेल थंडीने थबकलेला होता, खिडकीचा वरचा अर्धा भाग मोकळा होता, आणि पलंगावर टाकल्या टाकल्या तिने आधी तिकडे बघितलं. कॉलर होती. नव्या दोन पिल्लावळी वाढून मोठ्या झाल्या होत्या, त्यांना नावं नव्हती. डोक्यात नावं तयार होती, तोंडातून 'आ आ' एवढंच यायचं. हातात पेन्सिल दिली तर कागदावर गिचमिड उमटायची. अक्षरंच डोक्यातून निखळली होती.

ऊन चढलं तसा वेल सुटला. मधुमालती एकदा उठली की थांबत नाही. शेंडे गजांवरून वर चढले, एकमेकांत गुंतले, आणि खिडकी खालून वर अशी भरत गेली, भांड्यात पाणी चढावं तशी. फुलं आली. पण वेल फुलं उन्हाकडे धरतो. ती सगळी बोळाकडे लोंबत होती, गल्लीतले लोक थांबून बघायचे. खोलीत यायचा तो फक्त वास. आतून दिसायची पानांची मागची बाजू आणि काटक्या.

तिने हात केला. डावा हात उचलून बोटांनी कात्रीसारखं केलं आणि खिडकीकडे दाखवलं. लिफ्टमन चमच्याने तिला भरवत होता. त्याने घास संपू दिला, तिची हनुवटी पुसली.

"हात केला तर चालणार नाही म्हणाली होतीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

मुलगी आली तेव्हा खोलीत दिवसाचा दिवा लावावा लागत होता. "बाबा, हे केवढं वाढलंय. जरा छाटा की."

"आईने सांगितलंय ना. तूच होतीस."

"ती तेव्हा रागात होती."

"रागात होती. पण सांगितलं."

मुलगी पलंगाच्या कडेवर बसली. "आई, छाटायचं का थोडं?"

मास्तरणीने मान हलवली. जोरात, पुन्हा पुन्हा, हो, हो. उशी सरकली.

"ती सगळ्यालाच मान हलवते," लिफ्टमन म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, हो-नाहीचा घोळ होतो. हे बघ." तो खाली वाकला. "तू माझी बायको नाहीस, बरोबर?"

मान अजून हलतच होती. ती थांबवेपर्यंत उशीर झाला.

मुलीला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. तिने आईच्या कपाळावरचे केस मागे केले. "म्हणजे तिचं शेवटचं सांगणं धरून बसलात तुम्ही," ती बापाला म्हणाली. "सगळं जग बायकोचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडतं, बाबा." जाताना तिने वेलाचा फोटो काढला, बोळातून, फुलांच्या बाजूने.

शेजारीण अंडी न्यायला यायची तीही हेच म्हणायची. भाऊ, तुमच्यासारखा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. आणि कोंबड्या खरंच सुखात होत्या. भर दुपारी त्या सावलीत मातीत अंग घोळायच्या, त्यांचा समाधानी कुरकुराट पानांआडून यायचा. ती ऐकत पडायची आणि आवाजावरून कोण ते ओळखायचा प्रयत्न करायची. कॉलरचा तेवढा ओळखू यायचा.

उजवीकडे वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढी फट उरली होती. मान वळवून धरली तर तिच्यातून जाळीचा एक तुकडा आणि कोंबड्या बसायच्या त्या दांडीचं टोक दिसायचं. कॉलर संध्याकाळी त्याच टोकावर येऊन बसे. मास्तरीण दिवसभर मान वाकडी करून त्या बसण्याची वाट बघायची.

एक शेंडा त्या फटीपाशी आला, पण गजाला न धरता बाहेर, बोळाकडे झुकला. तिने सकाळपासून त्याच्यावर डोळे लावले होते. वाऱ्याने तो लांब जायचा, परत यायचा. जाऊ दे, तिकडेच जाऊ दे. दुपारी लिफ्टमन कोंबड्यांना पाणी घालून बोळातून आला, शेंड्यापाशी थांबला, तो दोन बोटांत धरला आणि फटीवरून आडवा आणला. खिशातून सुतळी काढली. आधी सुतळीला पक्की, मग शेंड्याभोवती बोट जाईल एवढी सैल.

फटीतून त्याचा एक डोळा आणि गालाचा तुकडा दिसत होता.

"तोडायचं नाही म्हणाली होतीस," तो म्हणाला. "बांधायचं नाही, असं नव्हतीस म्हणाली."

त्या दिवसापर्यंत तिला खात्री नव्हती. इतकी वर्षं ज्याला ती ढ म्हणत आली तो ढच आहे, शब्दाला शब्द लावून बसलाय, असं तिने स्वतःला समजावलं होतं. आता समजावायचं काही राहिलं नाही. त्याला वेल कशासाठी वाढवायचा ते कळत होतं, आणि तिला आता एकच शब्द हवा होता.

तोंडाने सांगायचा शब्द. तोड.

मुलीने आपल्या दवाखान्यातून वाचा शिकवणारी एक मुलगी पाठवली होती. ती आठवड्यातून एकदा येऊन पलंगावर चित्रांची कार्डं मांडायची. "किती छान वास येतो हो या खोलीत," ती दर वेळी म्हणायची. मास्तरीण दर वेळी त्या कार्डांतलं कात्रीचं कार्ड शोधायची, त्यावर बोट आपटायची आणि मग खिडकीकडे दाखवायची. वाचावाली खूश व्हायची. "कात्री. शाब्बास. पुन्हा कात्रीच. काका, हातातलं काम माणूस विसरत नाही बघा."

"नाही विसरत," लिफ्टमन म्हणायचा आणि तिच्यासाठी चहा टाकायला जायचा.

कात्री हा शब्द आपल्या तोंडात बसणार नाही हे मास्तरणीला लवकरच कळलं. मग तिने जे मिळेल त्यातून कापून घ्यायला सुरुवात केली. ताटाच्या कार्डावर वाचावाली जीभ दातांमागे लावून दाखवायची. तिथून 'त' घेतला. हो म्हणायला शिकवलं, त्यातला ओठांचा गोल घेतला. अंड्याच्या कार्डावर जीभ वर दुमडायची होती. ते सगळ्यात अवघड होतं. जीभ टाळूपर्यंत जायच्या आधीच मेल्यासारखी पडायची आणि लाळ उशीवर सांडायची. वाचावाली म्हणायची, राहू द्या काकू, अंडं पुढच्या वेळी. मास्तरीण कार्ड सोडायची नाही. ती गेल्यावर छताकडे बघत दिवसभर जीभ दुमडत राहायची. लिफ्टमन येता-जाता बघायचा. एकदा त्याने तिच्या तोंडाशी ओला रुमाल ठेवला आणि गेला.

फट त्या आठवड्यांत भरली. आधी कॉलरची शेपटी दिसेनाशी झाली, मग मान, मग दांडीचं टोक. शेवटी पानांमधून एक पांढरा ठिपका तेवढा उरला, आणि तो कॉलर आहे की नुसता उजेड, ते सांगता येत नव्हतं.

मग एका सकाळी, तो तिला अंघोळ घालून, अंग पुसून, सदरा चढवत असताना ते आलं. तयारी करून नाही. दम लागला होता आणि जीभ आपोआप जागेवर होती.

"तो... ड."

लिफ्टमनचा हात बटणावर थांबला.

तिने पुन्हा म्हटलं. या वेळी दोन्ही तुकडे नीट जुळले. "तोड." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने डावा हात उचललासुद्धा नाही. हात चालणार नव्हता. तोंडाने म्हटलं होतं.

"तोड म्हणालीस," लिफ्टमन म्हणाला.

तिने डोळे मिटून उघडले.

त्याने उरलेली बटणं लावली. उशी सारखी केली, मान खिडकीकडे वळवून दिली. कपाट उघडून तिची मोठी कात्री काढली, पात्यांवरची धूळ बाहीला पुसली आणि मागच्या दाराने बाहेर गेला. बोळात त्याची पावलं वाजली. पानं हलली. कोंबड्या त्याला बघून कलकल करू लागल्या, आणि मास्तरीण त्या आवाजात कॉलर शोधत राहिली. कात्रीचा आवाज आला. एकदाच. ती पुढच्या आवाजासाठी थांबली.

तो परत आत आला. कात्री जागेवर ठेवली, कपाट लावलं. मग तिचा डावा हात उलटा केला आणि तळव्यावर एक पान ठेवलं. चांगलं मोठं, गर्द हिरवं पान होतं.

तिने खिडकीकडे बघितलं. खिडकी होती तशीच होती. जिथून ते पान गेलं असेल तिथे त्याच्यामागचं पान होतं.

"तू तोंडाने सांगेपर्यंत एकही पान तोडायचं नाही म्हणाली होतीस," तो म्हणाला. "आता सांगितलंस. एक तोडलं."

तिने तोंड उघडलं. जीभ वर गेली आणि पडली. 'आ' आला, मग नुसता श्वास.

लिफ्टमनने खुर्ची ओढली नाही. तो पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभा राहिला, हात मागे बांधून, नजर दाराच्या चौकटीवर, जसा तो तीस वर्षं दुकानात उभा राहायचा. घाई नव्हती. बाहेर कोंबड्या सावलीत बसल्या होत्या.

"सांग," तो म्हणाला. "पुढचं सांग."